एक पाटा जादा

परवा कळंबोलीला सिग्नलला थांबलो होतो. पुढे एक जुनी टाटा ४०७, छोटा ट्रक, रिकामी, आणि मागून अशी उचललेली की शेपूट वर करून पळणारं वासरूच. मला काय झालं माहीत नाही, मी तिचे मागचे पाटे मोजायला लागलो. एका बाजूचे अकरा मोजून होईपर्यंत सिग्नल सुटून परत लाल व्हायला आला होता आणि मागचा रिक्षावाला माझ्या खानदानाची चौकशी करत होता. अकरा! कंपनीतून काही अकरा आलेले नसणार, त्यातले दोन-तीन तरी नक्की कुठल्यातरी कमानीवाल्याने टाकलेले.

ज्यांच्या घरात ट्रक-टेम्पो नव्हता त्यांच्यासाठी सांगतो. पाटा म्हणजे ट्रकच्या चाकाच्या आतल्या बाजूला एकावर एक रचलेल्या त्या धनुष्यासारख्या लोखंडी पट्ट्या, वरची सगळ्यात लांब, खाली खाली लहान होत जाणाऱ्या. पुस्तकात लीफ स्प्रिंग लिहितात. आमच्याकडे एकटा असेल तर पाटा, सगळे मिळून कमान, आणि हे काम करणारा तो कमानीवाला. आणि 'एक पाटा जादा टाकणे' हे त्या काळातलं सस्पेन्शन अपग्रेड. आता लोक एसयूव्हीला लिफ्ट किट लावतात, गॅसवाले शॉकअप बसवतात आणि रील टाकतात, तसंच, फक्त आमचं रील नव्हतं आणि हेतू खड्ड्यातून उडायचा नव्हता, वजन भरायचा होता. सरळ सांगायचं तर ओव्हरलोडचा.

आमच्या आप्पांनी ४०७ घेतली १९९३ ला, सेकंडहँड. त्याआधी ते कांदा-बटाटा मार्केटला माथाडी. हे मार्केट १९८१ ला मुंबईतून वाशीला आलं आणि त्याच्या मागोमाग पाटण तालुक्यातली आमची अर्धी भावकी कोपरखैरण्यात आली. दुसऱ्याच्या गाड्या भरून भरून आप्पांना वाटलं आपलीच एक असावी. ४०७ त्यावेळी राजा होती. १९८६ ला आली तेव्हा समोर डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी, आल्विन निसान अशी जपानी नावांची सगळी फौज उभी होती आणि ही पुरून उरली. नावाचा अर्थ आप्पा प्रत्येक पाहुण्याला समजवायचे, चार म्हणजे चार टनाची गाडी आणि सात म्हणजे सत्तरच्या आसपास हॉर्सपॉवर. टाटाचाच मोठा ट्रक बाराशे दहा, म्हणजे बारा टन आणि शंभर. पाहुण्याला चहा हवा असायचा, मिळायचं हे.

तर कागदावर माल भरायचा सव्वादोन-अडीच टन. कांद्याची गोणी धरा पन्नास किलोची. म्हणजे पंचेचाळीस-पन्नास गोण्या. आप्पा भरायचे ऐंशी. चार टन! आणि हे काही एकटे आप्पा नव्हते, पूर्ण लाईन तशीच चालायची, पन्नास गोण्यांच्या भाड्यात हप्ता निघत नव्हता. गाडी भरली की मागून बसायची, चाक मडगार्डला घासायचं, आणि फाळका रस्त्याला टेकतोय असं वाटायचं. मग निघाली स्वारी कमानीवाल्याकडे.

तुर्भ्याला ट्रक टर्मिनलच्या मागच्या बाजूला त्याचं दुकान होतं, दुकान म्हणजे चार पत्रे, एक भट्टी, एक ऐरण आणि जमीन जळक्या ऑइलने इतकी काळी की पावसात पण चिखल व्हायचा नाही. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. यूपीचा, उंच, एका कानाने कमी ऐकू यायचं आणि कोणत्या ते सांगायला नको, ज्या बाजूला ऐरण असायची त्या. मी दुसरी-तिसरीत असेन. मला त्या दुकानाचं जबरदस्त आकर्षण होतं, अजून डोळे मिटले की कोळशाचा, तापलेल्या लोखंडाचा आणि तेलाचा मिळून तो वास येतो.

उस्ताद आधी गाडीच्या मागे उकिडवा बसून नुसता बघायचा. दोन्ही बाजूंची उंची वितीने मोजायचा. मग जॅक लावून, चॅसीखाली लाकडी ठोकळे देऊन यू-बोल्ट, म्हणजे कमान एक्सलला आवळून धरणारे बोल्ट, सोडायचा, चार नट, प्रत्येक नटावर पाईप घालून दोन माणसं लोंबकळायची. सेंटर बोल्ट काढला की अख्खी कमान पत्त्यांच्या कॅटसारखी सुटी व्हायची. मग प्रत्येक पाटा हातात धरून हातोडीने एकदा वाजवायचा. टण्ण आलं की बाजूला ठेवायचा. ठप्प आलं की कुठेतरी चीर आहे, तो भंगारात. डोळ्याला काही दिसायचं नाही हां, आप्पा म्हणायचे, "आरं कुटं हाय चीर? दाव की." उस्ताद पाट्याला रॉकेल पुसायचा, वरून खडू फिरवायचा, आणि दोन मिनिटांनी त्या पांढऱ्यावर केसासारखी एक ओली रेघ उमटायची. बहुतेक वेळा मधल्या भोकाजवळ, नाहीतर यू-बोल्ट जिथे संपतो तिथे. बऱ्याच वर्षांनी डिप्लोमाला मला हीच टेस्ट डाय पेनेट्रंट नावाने शिकवली आणि जर्नलमध्ये आकृती काढायला लावली, तेव्हा मी हसलो तर सरांनी बाहेर काढलं होतं.

बसलेल्या पाट्याला परत बाक द्यायचा म्हणजे तर सोहळा. जमिनीवर खडूने हवी तशी कमान काढायची, पाटा ऐरणीवर आडवा धरायचा आणि थंडाच ठोकायचा. एक पोरगा पाटा सरकवतोय, दुसरा घण मारतोय, मध्येच पाटा नेऊन खडूच्या रेघेवर ठेवून बघायचा, परत ठोक. आणि सगळ्यात शेवटी तो डायलॉग, पाना हातात धरून, आप्पांकडे न बघता, "एक पट्टा और मार दूँ क्या सेठ?"

सेठ! माथाडीचा सेठ झालेला माणूस काय नाही म्हणणार? मार म्हणाले.

पहिला जादा पाटा असा आला. भंगारातून शोधलेला, रुंदीला बरोबर पण जाडीला बाकीच्यांपेक्षा जास्त. यू-बोल्ट पण मग लांब लागले. उस्तादने पाट्यांची टोकं पिवळ्या रंगाने रंगवून दिली, फुकट, आणि एक काळा गोंडा बांधला. त्या दिवशी रिकामी गाडी घरी आणली तेव्हा मागून एवढी वर होती की गल्लीतली पोरं म्हणाली नवीन घेतली काय रे. मी हो म्हणालो.

त्या पाट्याने ऐंशी गोण्या अशा पेलल्या की गाडी भरून सपाट, एक इंच इकडे-तिकडे नाही. आप्पा तर खूश. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "वझं गाडी न्हाय उचलत, पाटं उचलत्यात."

प्रॉब्लेम रिकाम्या गाडीचा होता. आम्ही भाड्याच्या खोलीतून माथाड्यांच्या वसाहतीत राहायला गेलो तेव्हा आईचं एक कपाट होतं, लग्नातलं, दाराला आरसा. आप्पा म्हणाले घरची गाडी असताना टेम्पो कशाला. हौद्यात कपाट उभं केलं, दोन गाद्या लावल्या, रस्सीने आवळलं, आई मांडीवर देवांची पिशवी घेऊन केबिनमध्ये. अंतर किती, तर दीड किलोमीटर. पहिल्याच स्पीडब्रेकरला मागचा भाग असा उडाला की आधी आमची डोकी टपाला लागली आणि मग मागून आवाज आला. चार टन कांदा लोण्यासारखा नेणाऱ्या गाडीने एका कपाटाचा आरसा दीड किलोमीटर नेला नाही. आई नंतर कित्येक वर्षं त्या अर्ध्या आरशातच कुंकू लावायची, नवीन बसवू दिला नाही तिने, आणि गाडीचा विषय निघाला की नुसती आरशाकडे बघायची.

हे का झालं ते मला शिकल्यावर कळलं. आठ सारख्या पाट्यांमध्ये नववा तसाच टाकला तर कमान साधारण बारा टक्के कडक होते, ते ठीक आहे. पण पाट्याच्या कडकपणात जाडीचा घन येतो. दहा मिलिमीटरच्या जागी बारा मिलिमीटरचा टाकला तर दिसायला दोनच मिलिमीटर, पण तो एकटा पाटा जवळजवळ पावणेदोनपट कडक. आणि कमान वजनाने दबलीच नाही तर ती स्प्रिंग राहतच नाही, नुसता लोखंडाचा ठोकळा. रिकाम्या गाडीत वजनच नाही, मग रस्त्यावरचं सगळं जसंच्या तसं वर. ड्रायव्हर लोक म्हणायचे रिकामी गाडी दगड झाली.

आणि ते थंड ठोकणं! ते आठवलं की आता अंगावर काटा येतो. कंपनीत पाटा तापवून तेलात बुडवतात, परत थोडा तापवून ठिसूळपणा उतरवतात, आणि चांगला असेल तर त्याच्या ताण येणाऱ्या बाजूवर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करतात, शॉट पीनिंग, म्हणजे वरचा थर दाबलेला राहतो आणि चीर सहज सुरू होत नाही. आमचा उस्ताद नेमक्या त्याच आतल्या बाजूवर घणाचे वण पाडायचा. वजन पडून पाटा सरळ व्हायला लागला की ताण त्याच बाजूला, म्हणजे चिरेला जन्माचा दाखलाच दिल्यासारखं. सहा-आठ महिन्यांनी परत ठप्प. आम्हाला वाटायचं रस्ते खराब आहेत. होतेच म्हणा.

तुटलेला पाटा मात्र वाया जायचा नाही. मेन पाटा, म्हणजे सगळ्यात वरचा, एकदा शिळफाट्याला तुटला (गाडी तरी चालत आली, कारण दुसऱ्या पाट्याचं टोक मेन पाट्याच्या डोळ्याभोवती, म्हणजे टोकाच्या गोल भोकाभोवती, वळवलेलं असतं, मिलिटरी रॅपर म्हणतात त्याला, मेन गेला तरी तो एक्सल धरून ठेवतो), तर त्याचा तुकडा आप्पांनी गावी नेऊन लोहाराकडून दोन कोयते करून आणले. कमानपट्टीचा कोयता म्हणजे आमच्याकडे पोलादाची शेवटची पायरी, त्याच्यापुढे दुकानातला कोयता खेळण्यातला. एक चुलत्याकडे आहे, एक आमच्याकडे नारळाला.

बाकीचे अपग्रेड पण काय एकेक होते. पाटे कुईंकुईं करायला लागले की मध्ये जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून घालायच्या, आवाज बंद, पण पाट्यांचं एकमेकांवर घासणं हाच गाडीचा अर्धा शॉकअप असतो हे कोणाच्या डोक्यात नाही. चॅसी आणि एक्सलच्या मध्ये रबराचा मोठा गट्टू ठोकायचा. पावसाळ्याआधी ब्रशने जळकं ऑइल मारायचं, तो वास मला अत्तरासारखा. गावाकडे वडापवाले जीपला पाटा टाकून आत किती माणसं भरायचे ते सांगत नाही, तुम्ही खोटं म्हणाल.

आणि गनमेटलचे, म्हणजे काशासारख्या धातूचे, बुश. बुश म्हणजे पाट्याच्या डोळ्यात बसणारी छोटी नळी. आमच्या गाडीच्या पाट्याच्या डोळ्यात आधी रबरी बुश होते, आप्पांनी काढून गनमेटलचे टाकून घेतले, कारण उस्ताद म्हणाला रबर लोडला फाटतं. गनमेटलला ग्रीस लागतं, दर रविवारी, आणि ते काम माझं. गाडीखाली पाठीवर झोपायचं, ग्रीस भरायचं निप्पल चिंधीने पुसायचं, ग्रीस गनचं तोंड दाबून धरायचं आणि पंप मारत राहायचं, कडेने आधी जुनं काळं ग्रीस येतं, मग करडं, मग एकदम स्वच्छ पिवळं आलं की थांबायचं. एकूण किती निप्पल ते आता आठवत नाही पण एखादं चुकवलं की आप्पांना चालताना आवाजावरून कळायचं. "डाव्या शॅकलचं ऱ्हायलंय लेका." मी म्हणायचो मारलंय. ते गाडी थांबवायचे. राहिलेलंच असायचं. आता बहुतेक ठिकाणी सीलबंद रबरी बुश, ग्रीसची गरज नाही, खराब झाला की दाबून काढा, नवा दाबा. चांगलं आहे. माझ्या पोराला गाडीखाली झोपायची वेळ येणार नाही, त्याला बोलावलं तरी तो येणार नाही.

दुसरा जादा पाटा १९९६ ला पडला आणि तिसरा वर्षभरात. तिसऱ्यानंतर कमान कधीच तुटली नाही. तुटला एक्सल. वाशीच्या जुन्या पुलावर, पहाटे चारला, दादर मार्केटचा माल, पाऊस. गोण्या दुसऱ्या गाडीत भरायला आप्पा आणि गाडीचा किन्नर, म्हणजे क्लीनर, दोघंच, मागे मानखुर्दच्या जकात नाक्याच्या गाड्यांची लाईन लागलेली, येणारा-जाणारा शिव्या घालतोय. घरी आले तेव्हा नखशिखांत भिजलेले, कांद्याची सालं केसांत. आईने विचारलं काय झालं. तर बसायच्या आधी म्हणाले, "एक्सल गेला, पर पाटं शाबूत हायेत!" आणि चेहऱ्यावर अभिमान. खरंच अभिमान. वजनाला कुठूनतरी बाहेर पडायचंच असतं, पाट्यातून नाही तर एक्सलमधून, बेअरिंगमधून, टायरमधून, आणि शेवटी रस्त्यातून. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या शेवटी इलिनॉयमध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यावर दोन वर्षं ट्रक फिरवले होते, त्यातून निघालं की एक्सलवरचं वजन दुप्पट केलं तर रस्त्याचं नुकसान दुप्पट नाही, साधारण सोळापट होतं. म्हणजे ठाणे-बेलापूर रोडच्या ज्या खड्ड्यांना आप्पा आयुष्यभर शिव्या घालत आले, त्यातले काही त्यांनी स्वतः पाडलेले आहेत. हे मी त्यांना एकदा सांगितलं. दोन दिवस बोलले नाहीत.

मग हळूहळू सगळं बंद होत गेलं. नोव्हेंबर २००५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दंड भरला म्हणून जादा माल तसाच पुढे नेता येणार नाही, आधी उतरवा. २०१९ च्या दुरुस्तीत दंडच वीस हजार झाला आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. कोण टाकतोय जादा पाटा? मध्ये २०१८ ला सरकारनेच मर्यादा वाढवली, चार टायरच्या एक्सलला १०.२ टनावरून ११.५ टन. आप्पा तेव्हा गाडी विकून गावी गेलेले होते, त्यांना फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाले, "मग मी काय येगळं करत हुतो?" मी म्हणालो आप्पा, तुम्ही दीडपटीच्या वर करत होता. "त्येच की," म्हणाले.

पाटे पण बदलले. आता बऱ्याच गाड्यांना पॅराबोलिक असतात, दोन-तीनच, मध्ये जाड आणि टोकाकडे निमुळते, एकमेकांना फक्त मध्ये आणि टोकाला टेकतात, घासत नाहीत, वजनाला हलके, रिकामी गाडी पण बऱ्यापैकी मऊ. इंजिनिअर म्हणून मी त्यांना शंभरपैकी नव्वद देईन. पण वाजवून बघण्यासारखं त्यात काही नाही, मोजण्यासारखं नाही, टोकं पिवळी करायला टोकंच चार. बऱ्याच पिकअपना मागच्या एक्सलपासून चॅसीपर्यंत एक छोटी दांडी असते, ती बघते गाडी किती दबलीय आणि त्याप्रमाणे मागच्या चाकांना ब्रेकचं प्रेशर सोडते. तुम्ही पाटा वाढवलात की गाडी दबतच नाही, दांडीला वाटतं रिकामी आहे, आणि भरल्या गाडीला मागचे ब्रेक अर्धेच. हे घाटात कळलं तर कळून उपयोग नसतो.

हे सगळं मी मागच्या रविवारी माझ्या मित्राला सांगत होतो, पाऊण तास, कामोठ्यापासून तुर्भ्यापर्यंत. त्याची पिकअप आहे, घरसामान शिफ्टिंगचं काम करतो, मागचा डावा पाटा तुटला होता आणि मला म्हणाला तुझ्या ओळखीचा कमानीवाला आहे ना. उस्ताद कधीच गावी गेला, दुकान आता त्याचा भाचा बघतो. भट्टी थंड होती, पाटे सगळे नवीन, पेटीतून येतात. पण यू-बोल्ट सोडायला अजून पाईपच लावला, आणि नवीन पाटा चढवायच्या आधी त्या पोराने, कशाला माहीत नाही, नवाकोरा पाटा, चीर असायचं काही कारण नाही, हातोडीने एकदा वाजवला. टण्ण.

मग पाना हातात धरून, आमच्याकडे न बघता, "एक जादा मार दूँ क्या सेठ?"

मित्र माझ्याकडे बघायला लागला. मी नको म्हणालो. म्हणजे म्हणालो, पण जरा वेळ लागला.